चपला मी काढल्या नाहीत

वाचणारं कोणी नाही, तरी आधी सांगून टाकते. माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका फार आहेत आणि अक्षर तर चिखलातून कोंबडी गेल्यासारखं आहे. मी चौथीपर्यंत शिकले. पुढची शाळा ओढ्यापलीकडच्या गावात होती, पोरीला एकटं कोण पाठवणार, म्हणून सुटली. लेकीच्या गणिताच्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, त्यात लिहिते आहे. चौकोनांत अक्षर मावत नाही. माफी असावी. कोणाची माफी मागते तेही मला ठाऊक नाही. मला सवयच तशी, आधी माफी आणि मग बोलणं. या वहीत एवढी एकदाच मागते. पुढं मागणार नाही.

मी बोलकी बाई नाही. चार बायका उभ्या असल्या तर मी मागं. कोणी नाव घेऊन हाक मारली तर पदर ओढायचा आणि मान हलवायची, एवढंच माझं बोलणं. त्यामुळं या दोन-तीन वर्षांत मी जे केलं ते माझ्या हातून कसं झालं, याचं मलाच नवल वाटतं. विसरायच्या आत लिहून ठेवावं म्हणून बसले.

आमचं गाव राणीसावरगावच्या बाजूला. गंगाखेडला बैलगाडीनं जायला अर्धा दिवस लागतो. घरात आम्ही चौघं: मी, हे, माझ्या सासूबाई आणि आमची लेक. आधीची दोन लेकरं गेली, ही तिसरी जगली. हे गावातल्या मोठ्या शेतमालकाकडं सालगडी आणि मीही त्याच रानात रोजानं जायची.

मोठा दुष्काळ सरला त्याच्या दुसऱ्या वर्षी माझ्या पायांना मुंग्या यायला लागल्या. उकिडवं बसून उठलं की येतात तशा. पण त्या येतात आणि जातात. माझ्या गेल्याच नाहीत. बोटांतून तळव्यात आल्या, तळव्यातून घोट्यापर्यंत चढल्या. चालताना वाटायचं, कोणीतरी वाटेवर कापूस अंथरला आहे आणि मी त्यावरून चालते आहे. खाली बघावं तर नुसते खडे. आणि दिवस कलला की तेच पाय पेटायचे. तळव्याला निखारा लावल्यासारखं. लुगड्याचा काठ पायाला घासला तरी जीव कळवळायचा. मग मी रांजणाखालच्या ओल्या मातीत पाय घालून बसायची.

सासूबाई म्हणायच्या, "आगं, म्हशीवानी चिखलात काय बसायलीस?"

"पाय जळायलेत, आत्याबाई."

"माझे बी जळतेत की. मी बसले का कुठं चिखलात?"

तहान तर अशी की रानात नेलेली कळशी मी एकटीच संपवायची. बायका चिडायच्या. आणि लिहायला लाज वाटते, पण लिहिते: बांधाआड जिथं बसून यायची, तिथं थोड्या वेळानं मुंगळे जमायचे. मी ते पाहिलं होतं. पण असली गोष्ट कोणाला सांगतात का?

एकदा निंदणीहून घरी आले तर लेक दारातच म्हणाली, "आई, तुझी येक चप्पल कुठं हाय?" बघते तर डावा पाय मोकळा. कुठं निसटली, कधी निसटली, मला पत्ताच नाही. तेवढी वाट मी एका चपलेवर चालत आले होते. सासूबाई हसून म्हणाल्या, "आज चप्पल निसटली. उद्या लुगडं निसटलं तरी हिला कळायचं न्हाई." आम्ही तिघीही हसलो. ती हसायची गोष्ट नव्हती, हे मला फार उशिरा समजलं.

आता मजुरीच्या दिवसाचं सांगते, कारण सगळं तिथंच घडलं.

बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही रोजंदारीच्या बायका मालकाच्या घरी जायचो. पैसे मालकीण वाटायच्या. त्यांना आम्ही बाईसाहेब म्हणायचो. बाहेरच्या दारात सगळ्यांनी चपला काढायच्या, मग आत शहाबादी फरशीच्या अंगणात उभं राहायचं, बाईसाहेब ओसरीवर बसून एकेकीला बोलावणार. चपला काढा, असं आम्हाला कोणी म्हणत नव्हतं. माझ्या सासूबाईंच्या वेळी त्या घरासमोरून जातानासुद्धा आमच्या लोकांना चपला हातात घ्यायला लागायच्या. माझ्या लग्नाच्या पुढच्याच सालात आमच्या लोकांनी धम्म घेतला आणि ते बंद झालं. रस्त्यावरून आम्ही चपला घालून ताठ जायला लागलो. पण त्या दारात आलं की पाय आपोआप चपलेतून बाहेर यायचे. मराठ्यांच्या मजुरणीही काढायच्या, त्यामुळं त्यात काही वावगं आहे असं कोणाला वाटलंच नाही.

त्या दिवशी चैत्रातलं ऊन होतं. बाईसाहेब माडीवर कुरडया घालत होत्या, खाली यायला वेळ लागला. फरशी तव्यासारखी तापलेली. बायका एक पाय उचल, दुसरा टेक असं करत भिंतीच्या सावलीला सरकल्या. सावली होती हातभर. मी नेहमीसारखी मागं राहिले, उन्हातच.

एकजण म्हणाली, "आगं ये इकडं, पाय भाजतील."

मी म्हणाले, "मला न्हाई भाजायलं."

"लोखंडाचे हाईत का गं पाय तुझे?"

दुसरी म्हणाली, "तिला कशाचं काय! तिच्या पायाखाली कापूस हाय म्हनं."

सगळ्या हसल्या. खरं सांगते, मला त्या वेळी जरा बरंच वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणत्या तरी गोष्टीत इतरांपेक्षा घट्ट निघाले होते. अर्धा तास मी त्या फरशीवर उभी राहिले, पैसे घेतले, चपला घालून घरी आले.

घरी पाय धुवायला बसले. डाव्या तळव्यावरून हात फिरवला तर दुधावरची साय निघावी तशी कातडी हातात आली. दुखलं नाही. काहीच झालं नाही. मी नुसती ती कातडी बघत बसले. लेक ओरडली तेव्हा मला वाटलं, हिला कुठं लागलं का काय.

मग झाडपाला झाला, हळद झाली, एरंडाचं तेल झालं. जखम वरून सुकायची आणि आतून वाढायची. दोन बोटं काळी पडली. घरात वास यायला लागला. गावात कुजबूज सुरू झाली की हिला महारोग झाला, म्हणून तर कळत नाही. ताप भरला आणि मी बरळायला लागले, तेव्हा ह्यांनी मालकाकडून उचल घेतली. सव्वादोनशे रुपये. मला गाडीत घालून गंगाखेडला नेलं आणि तिथून परभणीच्या दवाखान्यात.

तिथल्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी माझी लघवी तपासायला घेतली. नळीतल्या निळ्या पाण्यात चार थेंब टाकून दिव्यावर धरलं, तर ते पाणी भाजलेल्या विटेसारखं लाल झालं. डॉक्टर तरुण होते, बोलायला साधे. म्हणाले, "बाई, तुमच्या अंगात साखर लय वाढली आहे. मधुमेह आहे. महारोग नाही."

शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, "आं? हा तर शिरीमंताचा रोग! तुला कुठून गावला?"

आमच्या घरात साखर सणाला यायची, तीही पावशेर. मला हसू आलं आणि रागही आला. श्रीमंतांचं दुसरं काहीच माझ्या वाट्याला आलं नाही, रोग तेवढा आला.

माझी डाव्या पायाची दोन बोटं काढली. करंगळी आणि तिच्या शेजारचं. त्यानंतर एक दिवस डॉक्टरांनी माझ्या पायाला टाचणी टोचली. "कळतं का?" नाही कळलं. वर सरकत सरकत नडगीपर्यंत आले, तेव्हा कुठं कळलं. मग एक लोखंडी चिमट्यासारखं काहीतरी टेबलावर आपटून घोट्याला लावलं. "घुमतंय का?" मी नाही म्हणाले. तेच त्यांनी हाताच्या हाडाला लावलं, तर मधमाशी बसल्यासारखं घुमलं. तेव्हा मला कळलं की माझ्या पायांतून काय काय गेलं आहे.

मी कधी नव्हे ते विचारलं. "साहेब, ज्या पायाला टाचणी कळत न्हाई, तो पाय जळतो कसा? घरचे म्हणतेत, मी सोंग करायले."

डॉक्टर म्हणाले, "सोंग नाही. साखरेनं नसा खाल्ल्या आहेत. मरता मरता त्या ओरडतात, ते तुम्हाला जळल्यासारखं वाटतं. ते दुखणं खरं आहे. पण बाहेरून काटा रुतला, चटका बसला, तर सांगायला आता तिथं कोणी राहिलं नाही. पिकावरचा जागल्या निघून गेला असं समजा. राखण तुम्हालाच करायची, डोळ्यानं."

जळणं पूर्ण थांबेल का, तेही मी विचारलं. ते म्हणाले, "खोटं सांगत नाही. कमी होईल, जाईल असं नाही." मग ह्यांना समोर बोलावून त्यांनी बजावलं, "एक घडीसुद्धा अनवाणी राहायचं नाही. रानात नाही, रस्त्यावर नाही, घरातही नाही. चपला घालताना आधी हात घालून बघायचं, आत खडा नाही ना. झोपायच्या आधी तळवे बघायचे. पुढच्या वेळी जखम झाली तर बोटं नाही, गुडघ्याखालून पाय जाईल."

गुडघ्याखालून. परतताना गाडीत मी तेवढाच एक शब्द घेऊन बसले होते. एक पाय नसलेली बाई रानात जात नाही. तिची लेक शाळेत जात नाही, घरी राहून आईचं करते. ते मी होऊ देणार नव्हते.

गंगाखेडच्या बाजारात चांभाराकडं गेलो. मी हळूच सांगितलं तसं त्यानं ऐकलं: तळाला गाडीच्या टायरचं रबर, आत मऊ पातळ रबर, टाचेमागून पट्टा, म्हणजे निसटायची नाही. आणि खिळा एकही नको, सगळी शिलाई.

तो म्हणाला, "खिळा न्हाई? मावशे, नवरदेवाला बी म्या असली चप्पल केली न्हाई. लगीन हाय का कुनाचं?"

हे म्हणाले, "तिच्या पायाचंच लगीन समज."

चपला काळ्या, जाड, बाईच्या पायात शोभतील अशा मुळीच नव्हत्या. गावात शिरताना बायका बघत राहिल्या. मी मान खाली घातली, पण चालत राहिले.

पहिलं भांडण घरीच झालं. मी चपला घालून आत गेले आणि चुलीपुढं बसले. सासूबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"चुलीपाशी चपला?"

"डाक्टरनं सांगितलंय, आत्याबाई."

"डाक्टरच्या घरात घाल मग. हितं माझी चूल हाय. भिंतीवर फोटो हाईत. वंदनेला बी अशीच बसणार का?"

"अशीच बसणार."

हे मी बोलले. माझाच आवाज मला अनोळखी वाटला. सासूबाई दोन दिवस माझ्या हातचं जेवल्या नाहीत, शेजारणीकडं भाकरी खाल्ली. तिसऱ्या दिवशी मी दारात तांब्या ठेवला. बाहेरून आले की चपलांचे तळ त्यांच्यासमोर पाण्यानं धुवायचे, पुसायचे, मग आत पाऊल टाकायचं. त्या बघायच्या, बोलायच्या नाहीत. आठव्या दिवशी म्हणाल्या, "टाचेला शेण राह्यलंय, नीट धू." म्हणजे आमचा तंटा मिटला.

रोज संध्याकाळी लेक माझे तळवे बघायची. "आई, पाय दाव." ती पुस्तकातला धडा वाचावा तसा माझा तळवा वाचायची. इथं लाल आहे, इथं चीर आहे, इथं काही नाही. एकदा बाभळीच्या काट्याचं टोक तिनं चिमट्यानं काढलं. चपलेच्या टायरमधून आरपार आलं होतं. मला कळलंच नव्हतं. पोरगी रडली नाही, काढून झाल्यावर म्हणाली, "उद्यापून त्या बांधानं येऊ नको." दहा-अकरा वर्षांची पोर, मला दटावत होती.

पाय भरून आला तशी मी रानात जायला लागले. पावसात काळी माती त्या चपलांना अशी धरायची की एकेक पाय दोन शेरांचा व्हायचा. बायका म्हणायच्या, "काढ की त्या, बैल नांगर ओढायलाय तशी दिसायलीस." मी काडीनं माती खरडायची आणि पुढं जायची.

मग मजुरीचा दिवस आला. मी चपला घालून बाहेरच्या दारापाशी आले. बाकीच्या बायकांनी चपला काढल्या. माझे पाय सवयीनं थबकले. हात पट्ट्याकडं गेला होता, खोटं कशाला लिहू. आत फरशी होती. त्या दिवशी ऊन नव्हतं, आभाळ आलेलं होतं. दोन मिनिटं काढल्या असत्या तर काही झालं नसतं. पण मला वाटलं, आज काढल्या तर पुढच्या वेळीही काढीन, आणि चैत्र दर वर्षी येतो. मी हात मागं घेतला आणि दाराबाहेरच्या दगडावर बसले.

आतून बाईसाहेबांनी हाक मारली. मी उठले नाही. एकीनं जाऊन सांगितलं, ती चपला काढीत नाही.

बाईसाहेब स्वतः दारात आल्या. "का गं? उचल घ्यायला नवरा आला तेव्हा अनवाणी आला होता. तुला काय झालं?"

"डाक्टरनं सांगितलंय, बाईसाहेब. काढल्या तर पाय जाईल."

"माझ्या अंगणात काय काटे पेरलेत?"

त्यांनी माझी मजुरी उचलीत धरली म्हणून सांगितलं आणि आत गेल्या. त्या आठवड्यात घरात एक पैसा आला नाही.

हे चिडले. त्यांना सालगडीपण जायची भीती होती आणि ती खोटी नव्हती. "काढ ना दोन मिन्टं. काय झिजतंय तुझं?"

"पाय झिजतोय."

"त्यांचे पैसे हाईत आपल्या अंगावर."

"पैसे अंगावर हाईत. पाय न्हाई दिला त्यांना."

तेवढ्यात कोपऱ्यातून सासूबाई बोलल्या. मला वाटलं, आता या लेकाची बाजू घेणार. त्या म्हणाल्या, "त्या घरापुढून म्या चपला हातात घिऊन गेलेय, तुझ्या बापासंगं. पावसाचा चिखल असायचा, तरी हातात. हिनं न्हाई काढायच्या." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "माझ्या घरात मात्र धुऊनच यायचं."

पुढचे पाच-सहा आठवडे असंच चाललं. मी दगडावर बसायची, माझी मजुरी कधी एखादी बाई आणून द्यायची, कधी उचलीत जायची. एकजण माझ्याबरोबर बाहेर बसायला लागली, बाकीच्या नाही. त्यांचंही खरं होतं, त्यांच्या अंगावरही उचली होत्या.

एक दिवस बाईसाहेब बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "दाखव बरं मला, काय एवढं झालंय."

तळवा दुसऱ्याला दाखवणं म्हणजे अपमान करणं, असं आम्ही समजतो. तरी मी पट्टा सोडला, पाय वर केला. दोन बोटांची जागा, आणि जिथून कातडी गेली होती तो गुळगुळीत तांबडा डाग. त्यांनी विचारलं, हे कशानं? मी सांगितलं, तुमच्याच फरशीवर, चैत्रात, तुम्ही कुरडया घालत होता त्या दिवशी. त्यांचा चेहरा उतरला. त्या वाईट बाई नव्हत्या. म्हणाल्या, "मला काय ठाऊक गं. बरं, तू ये चपला घालून. तुझ्या पायाला रोग आहे म्हणून तुला माफ."

मी उठले, पट्टा बांधला, दारातून आत गेले. त्या अंगणात माझ्या चपलांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. सगळ्या बायका खाली बघत होत्या. मला जे हवं होतं ते मिळालं होतं, गप्प बसायचं. पण तो 'माफ' मला पटला नाही. मी काय चोरी केली होती?

मी म्हणाले, "रोग नसता तरी फरशी तापतीच, बाईसाहेब. ह्या बायकांचे बी पाय भाजतेत. ह्यांना कळतंय एवढंच."

बाईसाहेब म्हणाल्या, "दवाखान्यात जाऊन लय बोलायला शिकलीस. आधी उचल फेड, मग शिकव."

ते वाक्य मी घरी घेऊन आले. त्यांचं चुकत होतं असंही नाही. उचल होती तोवर मला त्याच रानात जायला लागणार, त्याच अंगणात उभं राहायला लागणार, आणि त्यांचं मन फिरलं की माझं चपला घालणंही फिरणार. माफी दिलेली परत घेता येते. माझा पाय त्यांच्या मनावर ठेवून मला जगायचं नव्हतं.

रानात दिवसभर उभं राहणं मला आता जड जायचं. हात मात्र चांगले होते. मी गोधड्या शिवायला घेतल्या. आधी शेजारणीची, मग तिच्या बहिणीची, मग दुसऱ्या गावातून जुनी लुगडी यायला लागली. भिंतीला टेकून, पाय पसरून बसायचं, लेक सुईत दोरा ओवून ठेवायची आणि शाळेला जायची. पाय जळत असायचे. जळू दे म्हणायची. शिवताना कधी बोटाला सुई टोचली तर मी थांबून ते दुखणं नीट बघायची. अजून इथं कळतंय, असं वाटून जीव निवांत व्हायचा. गोळ्या चालू होत्या, गुळाचा चहा सोडला होता. बिनगुळाचा चहा हा काय चहा आहे, पण प्यायची.

गोधड्यांचे पैसे आणि कापूस वेचणीचे पैसे, दोन हिवाळे असे मी उचलीत भरत गेले. प्रत्येक वेळी चपला घालून. दुसऱ्या उन्हाळ्यात बाहेर बसणाऱ्या बाईनंही चपला घालून अंगणात पाय टाकला. बाईसाहेब तिला रागावल्या, ती परत बाहेर गेली. पुढच्या आठवड्यात पुन्हा आली. तिचं पुढं काय झालं ते तिनं लिहावं.

संक्रांत झाल्यावर एका दुपारी मी उरलेले पैसे रुमालात बांधून घेऊन गेले. हे बरोबर यायला तयार होते, मी नको म्हणाले. बाईसाहेब ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी मोजले, वही बघितली, पुन्हा मोजले.

"दोन रुपये जास्त आलेत गं."

"द्या मग."

"राहू दे की. पुढच्या उचलीत धरू."

"पुढची उचल न्हाई, बाईसाहेब. दोन रुपये द्या."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मीही पाहिलं, खाली नाही बघितलं. मग त्या आत गेल्या, पेटी उघडल्याचा आवाज आला, आणि त्यांनी दोन रुपये माझ्या हातात आणून दिले. मी म्हणाले, आता वहीवर आडवी रेघ मारा, मला वाचता येतं. त्यांनी रेघ मारली. मी वाचून पाहिलं. सव्वादोनशेच्या सव्वादोनशे फिटले होते.